जोडरस्ता नसलेला पूल

काल सकाळी नानांना पोचवून आलो आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय... रडून नाही, रागानं. कुठेतरी ओकायला हवं, म्हणून इथे लिहितोय.

नाना म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या घरातले. इथल्या उमेळे गावातले जुने वाडीवाले, केळी आणि सोनचाफा. आम्ही कोल्हापूरकडून येऊन इथे फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात केळफूल हातात ठेवून "सोलता येतं का?" विचारणारा माणूस.

त्यांचं घर नाल्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे. मध्ये ओलांडायला जुनी दगडी मोरी होती, ती तोडली. का, तर नवा पूल होणार. झालाही... सिमेंटचा, दोन्ही बाजूंना कठडे, त्यावर पिवळे-काळे पट्टे. फक्त तो रस्त्यापासून छातीइतका उंच आहे आणि वर चढायला जोडरस्ताच नाही. अलीकडे नाही, पलीकडेही नाही.

नाना आणि मी किती ऑफिसं फिरलो. एका ठिकाणी म्हणाले, हा पूल नाही, साकव आहे, साकव आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलवर म्हणाले, लांबी बघता ही मोरीच, तिचं खातं वेगळं. तिसरे साहेब म्हणाले, पूल आमचा, पण जोडरस्ता रस्त्यात धरतात. त्या ऑफिसच्या जिन्यावर बसून नाना शांतपणे म्हणाले, "यांना बारसं करायचंय, आपल्याला पलीकडे जायचंय."

शेवटी नानांनी वाडीत पडलेल्या माडाचं खोड नाल्यावर टाकून घेतलं. गाव त्याच्यावरूनच ये-जा करतं. एका वेळी एक माणूस, हात पसरून तोल सांभाळत. गुडघ्यांमुळे नानांना मात्र तेही जमेना... शेवटचे काही महिने ते अलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि पलीकडची आपली केळी बघायचे. हे टाइप करतानाही माझे दात आवळले जातायत.

काल तिरडी बांधून झाली आणि सगळे नाल्याकडे बघायला लागले. स्मशान नाल्यापलीकडे, वाडीच्या पुढे. खोडावरून चार खांदेकरी जाणार कसे? कोणीतरी शववाहिनीला फोन लावला, हायवेनं वळसा घालून नेऊ म्हणाले. तेवढ्यात नानी बाहेर आल्या.

"गाडी नको. वाडीसमोरनं न्या त्यांना. इतके दिवस नुसतं बसून बघितलंय त्यांनी." एवढंच बोलल्या.

त्यांचा मुलगा हेमंत मडकं धरून पुलाकडे चालायला लागला, मागोमाग आम्ही. बिल्डिंगमधले आणि गावातले काहीजण बाह्या सरसावून वर चढले. खालच्यांनी तिरडी डोक्यावर उचलली, वरच्यांनी वाकून धरली. मध्येच ती कलली... नाना माझ्या तळव्यांवर होते आणि माझ्या तोंडात रामनाम नव्हतं, शिव्या होत्या. ट्रकमध्ये सामान चढवावं तसं एका म्हाताऱ्या माणसाला चढवावं लागलं. याची लाज नक्की कुठल्या खात्यात येते?

वर पोचल्यावर गावातले एक वयस्कर काका म्हणाले, विसावा इथंच द्या. अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवून खांदेकरी जागा बदलतात, तो विसावा. इथली नेहमीची जागा पुढे पिंपळाखाली आहे, पण सगळ्यांचे हात भरून आले होते. पुलाच्या मधोमध नानांना टेकवलं. कठड्यापलीकडे त्यांची केळी डुलत होती.

त्या पुलावरून आजवर साधी सायकलही गेली नव्हती. पहिले गेले ते नाना. पलीकडे तसंच हातोहात उतरवलं, वाडीच्या फाटकाशी क्षणभर थांबलो आणि पुढे नेलं.

आज सकाळी बघतो तर पुलाजवळ मंडपाचे बांबू येऊन पडलेले. एक पांढरे कपडेवाला कार्यकर्ता भेटला. रविवारी उद्घाटन आहे म्हणे... त्यांचे साहेब शिडीवरून वर जाणार, फीत कापणार, मातीचा भराव नंतर बघू. वर मलाच सांगतो, "पुलावर गुलाल आणि लाह्या पडल्यात. सोसायटीला सांगून तेवढं धुऊन घ्या."

मी आवाज चढवणारा माणूस नाही. आज चढला. म्हटलं, उद्घाटन कालच झालंय, आमच्या नानांनी केलं. तो गुलाल त्याचाच आहे आणि तो तिथेच राहील.

काल ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांचे मनापासून आभार. ओळखदेख नसताना दुसऱ्या बिल्डिंगमधून धावत आलात, विसरणार नाही.

रविवारी आम्ही सगळे पुलापाशी येतोय, नानीसुद्धा. साहेब, शिडी आणू नका... वर चढवायची आमच्या हातांना आता सवय झालीय.