बेसिनपासून पलंगापर्यंत

माझ्या बायकोच्या पोटात एक नळी आहे. बोटाएवढीही जाड नाही. बेंबीच्या जरा बाजूनं बाहेर येते आणि तिच्या टोकाला एक झाकण असतं. दोन्ही किडन्यांनी राम म्हटला तेव्हा नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येऊन मशीनवर पडून राहायचं. दुसरा, घरीच दिवसातून चार वेळा त्या नळीतून पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तास आत ठेवायचं, मग ते काढून ताजं भरायचं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. बायको म्हणाली, घरीच. डॉक्टरांनी विचारलं, करणार कोण? मधुमेहानं तिच्या बोटांत जीव उरलेला नाही, बारीक झाकण तिच्याकडून फिरत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि तेव्हा जी भीती पोटात शिरली ती अजून बाहेर आलेली नाही.

भीती कशाची ते सांगतो. झाकण काढल्यापासून पिशवीची नळी जोडेपर्यंतचा वेळ इतका कमी असतो की तेवढ्यात धड शिंकही पूर्ण होत नाही. पण त्या वेळात हाताला लागलेलं काही नळीच्या तोंडाला लागलं, तर ते थेट पोटात जातं. दवाखान्यातली सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं पहिल्याच दिवशी काही न लपवता सांगितलं, "काका, पोटात इन्फेक्शन झालं तर काकूच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हात धुतल्यावर कशालेच हात लावायचा नाही. कशालेच म्हणजे कशालेच." मी हो हो म्हणत होतो आणि पँटच्या खिशात हात घालून किल्ल्या चाचपत होतो.

तसा मी हाताचा माणूस. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं. तिथं कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. मिस्त्रीच्या बाजूला उभं राहायचं, त्याच्या हातांकडे बघायचं, आपण करून पाहायचं. चुकलं की मनगटावर चापट बसायची. पहिल्या दिवशी तर मिस्त्रीनं मला पान्ह्याला हातच लावू दिला नाही. म्हणाला, "आधी मशीनले हात लाव, मंग कपाळाले लाव, मंग बटनाकडे जा." हा माझा पहिला धडा. पुढं कितीतरी मशिनी आल्या नि गेल्या, पण कुठलंही काम सुरू करताना हात आपोआप कपाळाला जातो. स्कूटरला किक मारतानाही जातो, गॅसचं रेग्युलेटर बदलतानाही जातो. मला ते कळतही नाही.

आता म्हातारपणी माझा मिस्त्री मोबाईलमध्ये बसला. दवाखान्यात काही दिवस शिकवून सिस्टरनं आम्हाला घरी पाठवलं आणि लहान लहान व्हिडिओ धाडायला सुरुवात केली. हात कसे धुवायचे त्याचा एक, पिशवी कोमट कशी करायची त्याचा एक, झाकण कसं फिरवायचं त्याचा एक. त्याआधी मी मोबाईलवर काय करायचो, तर सकाळी फुलांचे फोटो आले की पुढं ढकलायचो. आता कानात वायर खुपसून तेच तेच हात पुन्हा पुन्हा बघत बसलो. सिस्टरनं सरावाला जुनी पिशवी आणि नळी दिली होती. मी नळी उशीला चिकटपट्टीनं लावली आणि दिवसभर उशीचं डायलिसिस केलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "उशी बरी झाली असंन तर मले घ्या आता." तिला हसू येत होतं. माझ्या बनियनला घाम फुटला होता.

मोबाईलची एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. तो चापट मारत नाही. तुम्ही बरोबर करा की चूक करा, व्हिडिओ आपला पुढं सरकतो आणि शेवटी अंगठा दाखवून मोकळा होतो. सिस्टरनं विदर्भातल्या अशा सगळ्या पेशंटच्या घरच्यांचा एक ग्रुप केला होता. कोणी आईचं करतो, कोणी नवऱ्याचं. सगळे आपापले व्हिडिओ टाकायचे. मीही एक टाकला. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून पलंगाच्या बाजूला ठेवला आणि झाकण काढण्यापासून लावण्यापर्यंत सगळं करून दाखवलं. खाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग लागली. एकानं लिहिलं, काका, तुमचा हात एकदम सफाईचा. मी तो मेसेज बायकोला वाचून दाखवला. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

पण भीती तशीच होती. पाणी बदलताना पंखा आणि कूलर बंद ठेवायचे, खिडक्या लावायच्या, तोंडावर मास्क. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी कूलर बंद करून खोलीत बसणं काय असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि पुसायची सोय नाही. अशात बायको डोळे मिटून शांत पडलेली असायची. मी झाकणाला हात घालायचो तेव्हा माझ्या छातीतले ठोके मला ऐकू यायचे, आणि हिचा चेहरा मात्र दुपारची झोप घेत असल्यासारखा. मला कधीकधी तिचा रागच यायचा. एकदा मी बोललो, "तुले काहीच वाटत नाही का वं?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "काहून भेऊन राहिले जी तुम्ही? काही नाही होत."

पाणी बाहेर आलं की खरी परीक्षा. भरलेली पिशवी पेपरवर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरं वाचायची. अक्षरं स्पष्ट दिसली की पाणी स्वच्छ. हे सिस्टरनंच शिकवलं. मी आधीच पेपर अंथरून ठेवायचो आणि पिशवीखाली जे येईल ते वाचायचो. शिकवणीवर्गाची जाहिरात, संत्र्याचे भाव, कोणाच्या तरी तेराव्याची सूचना. दिवसातून चार वेळा मी जीव मुठीत धरून असलं काहीबाही वाचलं आहे. वाचून झालं की पंखा लावायचो.

एके दुपारी अक्षरं दिसली नाहीत. मला वाटलं, चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला. पिशवी उचलून दुसऱ्या पानावर, मोठ्या मथळ्यावर ठेवली. मथळाही दिसेना. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही, आणि माझा आवाज असा निघाला की ती उठून बसली. तिनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला ताप होता. सकाळपासून पोट दुखत होतं आणि मला घाबरवायचं नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

फोटो पाठवल्याबरोबर सिस्टरचा फोन आला. पिशवी सोबत घ्या आणि लगेच या. ऑटोत मी ती पिशवी मांडीवर धरून बसलो होतो आणि बायकोचं डोकं माझ्या खांद्यावर. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मी मारलं हिला. कुठं चुकलो ते कळत नव्हतं, आणि ते कळत नव्हतं याचंच जास्त भय वाटत होतं. मशीन बिघडली तर उघडून बघता येते.

दवाखान्यात तिला भरती करून घेतलं. त्याच पोटातल्या पाण्यातून औषध सोडायला लागले. पहिले दोन दिवस पाणी तसंच गढूळ होतं. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून माझा जुना व्हिडिओ शंभरदा बघितला असेल. कुठंच चूक नव्हती. सगळं अगदी सिस्टरसारखं होतं. तिसऱ्या दिवशी पेपरावरची मोठी अक्षरं पुसट दिसली, मग हळूहळू बारीकही. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. त्यांनी ते सहज सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. मी संडासात जाऊन रडलो.

घरी सोडताना सिस्टर म्हणाली, "काका, पुन्हा व्हिडिओ पाठवा. पण पलंगापासून नाही, बेसिनपासून दाखवा मले. हात धुण्यापासून."

आमचं बेसिन मागच्या पडवीत आहे. तिथून खोलीत यायला मधल्या अरुंद बोळातून यावं लागतं, आणि त्या बोळातल्या भिंतीवर आमचं देवघर आहे, संगमरवरी, छातीच्या उंचीवर बसवलेलं. यावेळी मोबाईल बायकोनं धरला. मी हात धुतले, कोपरानं नळ बंद केला, ती माझ्यापुढं उलटी चालत व्हिडिओ काढत गेली. उलटं चालायची तिला सवय आहे. कुठल्याही देवळातून ती देवाला पाठ न दाखवता बाहेर येते, आणि मी दर वेळी तिला चिडवतो की एक दिवस पायरीवरून पडशील. पलंगापर्यंतचं सगळं नीट झालं. पाठवून दिला.

थोड्या वेळानं सिस्टरनं व्हिडिओ कॉल केला. आम्ही दोघंही मोबाईलसमोर बसलो. ती म्हणाली, "काका, तो व्हिडिओ तुम्ही स्वतः पाहिला का?"

"पाहिला ना. काय चुकलं?"

"बोळातला पाहा. हळू करून."

मी बघितलं. धुतलेले हात वर धरून मी चालत येतो आहे. देवघरापाशी येतो. उजवा हात खाली येतो, देवघराच्या उंबऱ्याला लागतो, तिथून कपाळाला, कपाळावरून छातीला, आणि पुन्हा वर जातो. पाय थांबतसुद्धा नाहीत. तो माणूस मीच होतो आणि मला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. उंबऱ्यावर कुंकू होतं, तेलाचे डाग होते, सकाळची फुलं होती.

"यानंच झालं असं काही सांगता येत नाही," सिस्टर म्हणाली. माझा चेहरा तिला दिसत असणार. "पण हे बंद करा, काका. नमस्कार करायचाच असंन तर मनातल्या मनात करा." इतक्या दुरून, मोबाईलमधून, मनगटावर चापट बसली. बसली ते बरंच झालं.

कॉल संपला. मी म्हटलं, "तू तर समोरच होती. तुले दिसलं नाही का?"

"हो, दिसे ना," ती म्हणाली. "रोजच दिसे. पलंगावरून सरळ देवघर दिसते."

"मंग बोलली काहून नाही?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "अजी, मले लय भेव लागे. तुम्ही झाकणाले हात घातला की मी पाहूच शकत नव्हती. म्हणून डोळे मिटून घेत होती. पण आधी पाहत होती, की तुम्ही देवाले हात लावला का नाही. लावला की मले वाटे, आता काही होणार नाही. मंग मिटत होती डोळे."

मला ती झोपल्यासारखी शांत दिसायची, आणि मी तिच्यावर चिडायचो. तिला जेवढा म्हणून धीर होता तो माझ्या त्या एका हातवाऱ्यावर उभा होता. मी म्हटलं, देवघर दुसऱ्या भिंतीवर हलवतो, उद्याच ड्रिल मशीन घेऊन येतो. ती म्हणाली देव हलवायचा नाही. दुसऱ्या भिंतीला न्हाणी लागून आहे. मग म्हणाली, मी पाहून घेईन.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा आणि कूलर बंद केला, मास्क लावला, हात धुतले. कोपरानं नळ बंद करून वळलो तेव्हा मला पहिल्या दिवशीपेक्षा जास्त भीती वाटत होती. कारण आता मला माझाच हात परका वाटत होता. डोक्यात घोकत होतो, लावायचा नाही, लावायचा नाही. आणि तरी बोळात शिरताना उजवा हात जड होऊन खाली यायला लागला.

बायको देवघरासमोर उभी होती. सकाळी आंघोळ करून तिनं तिथं दिवा लावला होता, तो तिच्या मागं जळत होता. उभ्या जन्मात जिनं देवाला पाठ दाखवली नाही, ती देवाकडे पाठ करून उभी होती, माझा हात देवघरापर्यंत पोचू नये म्हणून. तिचे ओठ हलत होते. मी अंग चोरून तिच्या पुढून गेलो. त्या बोळात दोन माणसं जेमतेम मावतात. ती माझ्या मागोमाग आली, पलंगावर पडली, आणि तिनं डोळे मिटले नाहीत. मी झाकणाला हात घातला तेव्हा ती माझ्या बोटांकडे बघत होती.