पहिली भवानी परत जात नाही

राजेश्वरीने आंबी गावातल्या कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा तिच्या माहेरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पंख्याखाली बसून हिशेब करायची, घराजवळून बसने नेणारी-आणणारी नोकरी सोडून ही बाई सासऱ्यांचा इंद्रायणी तांदूळ इंटरनेटवर विकणार म्हणे. धास्ती तिलाही होतीच. धास्तीशिवाय तिचा दिवस उगवत नाही. लेक क्लासहून यायला जरा उशीर झाला की ही कार्ले फाट्यापर्यंत चालत जाऊन येते. पण त्या रविवारी ती पहाटेच उठून बसली होती, ते धास्तीने नव्हे. लहानपणी सहलीच्या दिवशी उठायची तशी.

दुकान तयार होते. वेबसाइट तिने स्वतः बनवली होती. भाताच्या खाचरांचे फोटो, पिशव्यांचे फोटो, सगळे जागच्या जागी. अडले होते एका गोष्टीवर. गिऱ्हाइकांचे पैसे घेण्यासाठी दोन कंपन्यांमधून एक निवडायची होती, आणि ती संध्याकाळच्या आत निवडायची होती. कारण संध्याकाळी गोरख व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता. दरवर्षी सगळा तांदूळ तोच उचलतो. यंदा पोती त्याच्या टेम्पोत चढणार की पडवीतच राहणार, हे दत्तोबांच्या शब्दावर होते.

दत्तोबा, म्हणजे तिचे सासरे, कित्येक वर्षे फाट्यावर तांदूळ घेऊन बसत आले. त्यांची रीत एकच. गिऱ्हाइकाने घरी नेऊन भात शिजवायचा आणि नाही आवडला तर येऊन पैसे परत न्यायचे. तेही त्याच दिवशी.

"गिऱ्हाइकाचा रुसवा रातभर घरात ठिवायचा न्हाई," त्यांनी सुनेला सांगितले होते. "तुज्या त्या कंपनीला ह्ये जमत आसंल तर तांदूळ तुजा. न्हाई तर गोरखचा."

आता पहिली कंपनी शंभराला दीड रुपया कापत होती आणि दुसरी दोन. राजेश्वरीचा जीव पहिलीवर होता. पैसे परत करायची सोय दोघीही देतो म्हणत होत्या, पण जाहिरातीतल्या बोलण्यावर जायचे नाही हे ती कंपनीत शिकली होती. तिने ठरवले, दोन्हीकडे एक-एक रुपया भरून तो परत पाठवून बघायचा.

नवरा संदेश लोणावळ्याला रेल्वेत आहे. रविवारी घरी होता. तिने त्याला फोन घेऊन ओट्यावर बसवले.

"पहिल्या कंपनीतून भरा एक रुपया."

त्याने भरला. तिच्या फोनवर टुंग वाजले. "आला," ती म्हणाली, आणि फोन सासऱ्यांसमोर धरला. "आबा, रुपया आला."

दत्तोबा उठून आत गेले. राजेश्वरी परतीचे बटण शोधतेय तोवर ते मुठीत तांदूळ घेऊन बाहेर आले, तो कागदाच्या पुडीत बांधला आणि ती पुडी संदेशच्या हातात दिली.

"हे काय, आबा?"

"रुपायाचा तांदूळ. थोडा जादाच हाय."

"अहो, पण हा तर नुसता तपासायला घेतला. आता परत करायचाय."

"परत?" दत्तोबा तिच्याकडे बघतच राहिले. "दुकानाचा पयला रुपाया हाय तो. भवानी झाली. माल दिला. भवानी कुनी परत करतं व्हय? मग दुकान कशाला उगाडलं?"

राजेश्वरीने सासूकडे पाहिले. कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "माज्याकडं नको बगूस," त्या म्हणाल्या. "ह्यांनी भवानीचं पैसं मागाय आलेल्या सख्ख्या मेव्हन्याला हात हालवत परत धाडलंय."

वाद घालण्यात सकाळ गेली असती. "बरं," राजेश्वरी म्हणाली. "पहिला रुपया भवानीचा. दुसरा परत करू?"

"दुसरा खुशाल कर."

संदेशने दुसरा रुपया भरला. तिने बटण दाबले. पडद्यावर ओळ उमटली: पाच ते सात कामाचे दिवस.

"सात दिवस?" दत्तोबा म्हणाले. "तेवड्यात तो मानूस गावभर शिव्या देऊन दमंल."

तिचा चेहरा उतरला. आवडती कंपनी गेली. तिने दुसरी उघडली आणि संदेशला खूण केली. टुंग वाजले. तिने मान वर केली तर दत्तोबा पुन्हा आत निघालेले.

"आबा, आता कुठं?"

"ही पैशाची दुसरी पेटी हाय ना? हिची भवानी येगळी."

दुसरी पुडी संदेशच्या मांडीवर आली. "माझा पगार आज तांदळातच जायचा," तो म्हणाला.

चौथा रुपया. राजेश्वरीने तो परत पाठवला आणि दोघे संदेशच्या फोनकडे बघत बसले. कस्तुराबाईंनी चहाचे आधण ठेवले होते. त्याला उकळी फुटायच्या आत संदेशचा फोन वाजला. रुपया त्याच्या खात्यात परत आला होता. राजेश्वरीने लहान मुलीसारखी मांडीवर थाप मारली.

"आन् कापला किती?" दत्तोबांनी विचारले.

"शंभराला दोन. आणि परत पाठवला तरी त्यांची कापणी त्यांच्याकडेच राहते."

"आसं व्हय." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "राहू दे. हमाली समज. गोरख तरी कुटं फुकट गोणी उचलतो."

दुपारी कस्तुराबाईंनी दोन्ही पुड्यांचा मिळून भात टाकला. अर्धी वाटीही नव्हता. पण वास ओट्यापर्यंत आला. संदेशला वाढला. दत्तोबा समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"पटला का?"

"जरा चिकट झालाय," संदेश मुद्दाम म्हणाला. "पैसे परत मिळतील?"

दत्तोबा पेचात पडले. एकीकडे रुसलेले गिऱ्हाईक, दुसरीकडे भवानी. त्यांनी सुनेकडे पाहिले. राजेश्वरी हसू दाबत म्हणाली, "भवानीच्या गिऱ्हाइकाला पैसे नाहीत. त्याला परत भात."

"हां," दत्तोबा सुटल्यासारखे म्हणाले. "वाढा त्याला घरातला, पोटभर. आन् हे बी लिव तुज्या त्या दुकानावर."

दुसरी कंपनी जोडून तिने दुकान सुरू केले आणि लिहिले, जसेच्या तसे: शिजवून पाहा. आवडला नाही तर त्याच दिवशी पैसे परत. पहिल्या गिऱ्हाइकाला मात्र पैशांऐवजी पुन्हा तांदूळ.

संध्याकाळी गोरखचा टेम्पो दारात आला. त्याने मागचा फाळका पाडला आणि हाक दिली, "आबा, काढा पोती."

दत्तोबा पडवीच्या कडेला बसले होते. उठले नाहीत. "येवडी पोती ने," त्यांनी भिंतीकडच्या थोड्याशा पोत्यांकडे हात केला. "बाकीची सूनबाईच्या दुकानाची."

"दुकान? कुटं टाकलं?"

"तिच्या फोनात. भवानीबी झाली सकाळी. दोनदा."

गोरखने राजेश्वरीकडे पाहिले. ती काही बोलणार एवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या कुणा अनोळखी बाईंनी पाच किलो मागवले होते, पैसे भरून. राजेश्वरीने नाव दोनदा वाचले, आणि पिशवी आणायला ती चपला न घालताच पडवीत धावली.