आठ पुस्तकं संपली तेव्हा

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं, की प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाचं कुलूप मावशीला चाचपडत शोधावं लागलं. पायऱ्या झाडून, खुर्ची पुसून ती तिकिटांची पुस्तकं घेऊन बसली. चोवीस वर्षं हेच काम. लोक चार गोष्टी जोडून संसार करतात, मी फाडून केला, असं तीच सांगायची.

त्या रविवारी मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. तिचा धाकटा दीर ओरांगउटान वानरीच्या पिंजऱ्यावर राखणदार. त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती : ‘हिच्या एका चुलत जातीचे जगात आठशेसुद्धा उरले नाहीत.’ पाटी कुणी वाचेना. साहेबांनी फर्मावलं, "सोमवारी काढा ती. तिथं सरबताची जाहिरात लावू." दोन दिवस दिराला घास गोड लागत नव्हता.

"वहिनी, आठशे म्हटलं की लोकांना ढीगभर वाटतात हो."

"वाटणारच. आकडा काय चावतो थोडाच! तुम्ही पिंजऱ्यापाशी थांबा भाऊजी, चावायचं माझ्याकडे लागलं."

एका पुस्तकात शंभर तिकिटं. उन्हं वर आली, आठवं पुस्तक संपलं, आणि मावशीनं फाटक धाडकन लावून घेतलं.

"काय झालं हो?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"संपलं! आत गेले तेवढेच जगात. बाकीचे तुम्ही नाहीच."

रांग खवळली. सगळ्यांत पुढं, छत्री रोखून, नेमक्या साहेबांच्या सासूबाई. "मी नाही? मी कोण आहे ठाऊक आहे का?"

"नाहीच आहात, तर ठाऊक कशा असणार?"

सासूबाईंनी गजांतून आत पाहिलं. "अगं, आत तर धड गर्दीसुद्धा नाही!"

"तेच तर! पिंजऱ्याच्या पाटीवर लिहिलेत ते आठशे म्हणजे हे एवढेच."

पण सासूबाई हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. "खोटी मोजणी तुझी! कडेवरची पोरं बिनतिकिटाची गेली, ती कुठं धरलीस?"

हे मावशीच्या ध्यानीमनी नव्हतं. तेवढ्यात गलका ऐकून दीर धावत आला. "बरोबर बोललात आजी. पण तिकडं रानातसुद्धा झाडांवरची घरटी मोजूनच अंदाज बांधतात. तान्हं पिल्लू आईच्या घरट्यात झोपतं, त्याला वेगळं कोण धरणार?"

सासूबाईंची छत्री खाली आली. "कुठंय ती पाटी?"

मावशीनं फाटक किलकिलं करून सासूबाईंना आणि पुढच्या चारसहा जणांना आत घेतलं, परत लावलं. पिंजऱ्यापर्यंत वरात निघाली, आणि कुणीतरी चहाडी केल्यामुळं साहेबही लालबुंद होऊन तिथं टपकले.

"बरे आलात जावईबापू. माझा चष्मा घरी राहिलाय, जरा मोठ्यानं वाचा बघू."

साहेबांनी वाचलं. मागून आवाज आला, "ऐकू नाही आलं!" परत वाचलं. तोवर पिंजऱ्याभोवती ही झुंबड.

"आणि हीच पाटी काढणार म्हणे?" मावशीनं खडा टाकला.

"छे छे! कोण म्हणतं?" साहेब घाम पुसत म्हणाले. दिरानं बाहीनं पाटीवरची धूळ पुसली.

फाटकावर रांग अजून बोंबलत होती. मावशी लगबगीनं परतली, खुर्चीत टेकली, नव्या पुस्तकाची पानं सुटी करायला तिनं अंगठा जिभेला लावला. "हं, किती माणसं?"