दोरीवरचा ऑक्टोपस

एव्दोकिया म्हणजे नेमकी कशी बाई, हे पांदेलिसला कधी धड कळलं नाही. धक्क्यावर तो जाळी विणायचा, शेजारच्या खडकावर ती ऑक्टोपस आपटायची; एवढीच ओळख. पिरेउस बंदरात तिची लेक सुखात आहे का, हे विचारायलाही तो बिचकायचा.

ऑक्टोपस मऊ व्हायला खडकावर आपटावा लागतो, मग फेस येईपर्यंत घासावा लागतो. एव्दोकियाच्या हाताला त्या ग्रीक बेटावर तोड नव्हती. गिऱ्हाईक मात्र एकच उरलं होतं, भाच्याची, स्त्रातिसची खाणावळ. त्यानं हात आखडला, की तिची चूल थंड.

त्या दिवशी बादली जड होती, म्हणून पांदेलिस तिच्यासोबत गेला. खाणावळीच्या दारात दोरीवर तिचाच ऑक्टोपस लटकत होता. एक दिवस उन्हात वाळवून निखाऱ्यावर भाजायचा, ही रीत. हा गेल्या रविवारचा. काळा पडलेला, पाणी गळतंय, माश्या घोंगावताहेत. पांदेलिसनं नाकाला बाही लावली.

खाली स्त्रातिस पाहुण्यांना शिकवत होता, "'ओक्तो' म्हणजे आठ, 'पोदी' म्हणजे पाय. इंग्रजांनी ऑक्टोपस आमच्याकडूनच उचलला! ऑक्टेव्ह, म्हणजे आठवा सूर, आणि ऑक्टोबर, हे रोमकडून आले. पण रोमचा आठ आमच्या आठाचा भाऊच. रोमचं वर्ष मार्चात सुरू व्हायचं, तेव्हा ऑक्टोबर आठवा होता."

पाहुणे नाक दाबून फोटो काढत होते.

"अरे, सडलाय हा!" एव्दोकिया ओरडली.

"हळू, मावशी. हा दाखवायचा. खायचा आत बर्फात आहे. परदेशी, स्वस्त."

"आणि मी रोज आणते ते?"

"आता आठवड्याला एक पुरे. दोरीपुरता."

"म्हणजे माझे कष्ट माश्यांना, आणि माझ्या नावावर लोकांच्या ताटात चामडं? शी! आठ पाय मोजता येतात मेल्या, नाक कुठं विकलंस?"

तिनं तो बुळबुळीत गोळा दोरीवरून ओरबाडला, समुद्रात भिरकावला आणि हात स्त्रातिसच्या पांढऱ्या एप्रनला पुसले.

"उद्यापासून पायरी चढू नकोस!"

"चढतेय कशाला! तुझ्या दारात मला ओकारी येते."

पांदेलिसला वाटलं, चार शब्द आपणही सुनवावेत. तोंड उघडलं, तर वासच आत गेला.

शनिवारच्या बोटीनं ती लेकीकडे निघाली. पांदेलिसनं पिशवी उचलून दिली.

"काही खाल्लंत का?"

"दोन अंजिरं. तू?"

"अजून नाही."

"मग जा, खा जा."