तुंगाबाईचा मुलगा मीटिंगमध्ये आहे

मला एक मुलगा आहे आणि तो चार महिने झाले घरी आलेला नाही.

(माझं वय पंचवीस, लग्न झालेलं नाही. थांबा, सांगते.)

दर रविवारी दुपारी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आम्ही चौघं रोलप्ले खेळतो. फासे, कागद आणि प्रत्येकाचं एक पात्र. गोष्ट रचून सांगतो तो प्रवीणअण्णा, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचाच. बाकीच्यांनी तलवारबाज, जादूगार वगैरे घेतले. मी घेतली तुंगाबाई. वय साठ, घाटात खानावळ, मुलगा विक्रम राजधानीत नोकरीला. ही बाई रोज त्याच्यासाठी एक ताट झाकून ठेवते.

झालं काय, मी जरा जास्तच तुंगाबाई झाले. ऑफिसात टीम लीडला "जेवलास का बाळा" म्हणून बसले. (तो चाळिशीचा आहे. आणि तो "नाही" म्हणाला, तर माझे डोळे भरून आले.)

मग अण्णाने नियमच काढला. तुंगाबाई व्हायचं तर शाल घ्यायची. खेळ संपला की शाल काढायची, तोंड धुवायचं आणि स्वतःचं नाव तीनदा मोठ्याने म्हणायचं.

"पात्र वेगळं, आपण वेगळे. सरी?" (कन्नडमध्ये, ठीक आहे ना?)

"सरी," मी म्हणाले. शालीतूनच.

त्यातच नागपूरहून आई आली, आठ दिवसांसाठी. रविवारी ती कोपऱ्यात मेथी निवडत होती. अण्णाला दया आली.

"काकू, तुम्ही विक्रम व्हा. आज त्याचा फोन... म्हणजे निरोप येणार आहे."

"मले काय येते त्यातलं?"

"स्वल्पच बोलायचंय."

मी शाल सावरली. "विक्रमा, कधी येतोस रे घरी?"

आईने मेथीवरून मान वर केली नाही. "बघतो. सध्या रिलीज आहे."

(घोड्यांच्या काळात. सॉफ्टवेअरचं रिलीज.)

"जेवलास का?"

"मागवतो काहीतरी. ठेव आता, मीटिंग आहे."

"अरे, तुझ्या आवडीच्या पुडाच्या वड्या केल्यात..."

"आई, तू उगाच इमोशनल नको होऊ गं."

सगळी वाक्यं माझी होती, आईला दर फोनवर म्हणते ती. मधला उसासासुद्धा. मी अशी रडायला लागले की जादूगाराने मला टिश्यू दिला.

"काकू, हा वीस बाजूंचा फासा टाका," अण्णा घाईघाईने म्हणाला. "दहाच्या वर आला तर विक्रम घरी येतो."

तीन आला.

"अण्णा, परत टाकू दे ना तिला. प्लीज."

"नियम म्हणजे नियम."

"काहून रडून राहिली?" आई म्हणाली. "खेळ आहे नं हा." आणि मेथी धुवायला निघून गेली.

ती परत गेल्यावर महिन्याभराने मी नागपूरचं तिकीट काढलं आणि आनंदाने फोन केला.

"आई, पुढच्या रविवारी येतेय मी."

"रविवारी नको गं. बिल्डिंगमधल्या बायकांना तो खेळ शिकवला मी. रविवारीच असते. मी विक्रम आहो."

"अगं, पण मी दोनच दिवस..."

"बघतो."

"बरं, जेवलीस का?"

"नंतर. ठेव आता, मीटिंग आहे."

मी शाल काढली. (रविवार नव्हता, तरी अंगावर होती.) तोंड धुतलं. स्वतःचं नाव तीनदा मोठ्याने म्हटलं.

मग एक ताट झाकून ठेवलं.