सिस्टरबाईंची गिटार

"काढलं तं लावा लागते, भाऊजी."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते बासष्ट साली, पोळ्यानंतरच्या रविवारी, आमच्याच अंगणात. व्यवहार चाळीस रुपयांचा. हजर होतो सिस्टरबाई, मी, माझी पत्नी, टांगेवाला आणि टांग्यात आडवी ठेवलेली एक गिटार.

सिस्टरबाई आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स, गाव बाळापूरच्या बाजूला. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधलं एक कुटुंब सामान विकून चाललं होतं, त्यांच्याकडून ही गिटार घेतलेली.

"वाजवता येते का?" मी विचारलं.

"घेतली हाये तं येईन."

गिटार ठेवायची पेटी मोडकी होती. तिच्या बिजागऱ्या बाईंनी तिथल्या तिथं काढल्या आणि आमच्या न्हाणीच्या खिळखिळ्या दाराला लावल्या. वरचं वाक्य त्या वेळचं.

असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी राहून गेलं असेल. वस्तू मोडते तेव्हा त्याच्या डोळ्यांत चमक येते. बाईंच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तिथं दवाखान्यानं फेकायला काढलेली एक्स-रेची फिल्म आली. डॉक्टरांना विचारून आणली होती, याची मी खात्री करून घेतली. पुढं आमच्याही खिडकीला एक बसली. मग सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात कोणाच्या तरी बरगड्यांतून यायचा.

गिटार बाई मांडीवर आडवी घेऊन वाजवीत. डाव्या हातात पोलादी कांडी लागते म्हणे. बाईंनी इंजेक्शनची रिकामी बाटली घेतली. ती तारांवरून सरकवली की सूर लांबत जायचा, जात्यावरच्या ओवीसारखा.

गिटारच्या पोटाला जे गोल भोक असतं त्यावर एक चपटी डबी बसवलेली होती, तिला पिकप म्हणतात. आत लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. गिटारची तार हलली की पिकप ती थरथर विजेच्या रूपानं पुढं पाठवतो. पुढं म्हणजे कुठं, हा प्रश्न होता. माझ्या रेडिओच्या पाठीला ग्रामोफोनसाठी दोन भोकं होती. बाईंनी ती आमच्या आधी पाहिली होती.

पण रेडिओचं लायसन्स माझ्या नावावर. त्यात गिटार बसते का, हे मी पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीतल्या कारकुनानं चष्मा वर केला. "साहेब, लायसन्स आयकाचं हाये. तुमी काय आयकता थे आमी पाहत नाई."

तेव्हापासून संध्याकाळच्या बातम्या संपल्या की बाई गिटार घेऊन येत, मागं वायर खोचत, आणि आमचा रेडिओ त्यांच्या आवाजात बोलू लागे. पत्नी म्हणायची, "बातम्या कमी आयका, बाईले जास्त वाजवू द्या."

दोन वर्षं असं चाललं. मग एकदा बाई गावाहून परतल्या, आणि संध्याकाळी गिटार आणली तरी वायर खोचली नाही.

त्यांचे वडील गावात गात. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी जुनी भजनं सोडली, चाली ठेवल्या, त्यांवर स्वतःचे नवे शब्द बसवले. हातात तीच जुनी एकतारी. पण अलीकडं चौदा एप्रिलच्या जयंतीला अकोल्याहून लाउडस्पीकर येऊ लागला. माइक एकच, तो तोंडासमोर. एकतारीजवळ नेला तर भोंगा शिट्टी मारायचा. शिवाय गावच्या पोरांनी बँजो पार्टी काढली होती. मागच्या जयंतीला म्हाताऱ्याला त्या गदारोळात स्वतःचीच एकतारी ऐकू येईना. सूर सुटला. लोक हसले. त्यांनी गाणं अर्ध्यात सोडलं आणि एकतारी खुंटीला टांगली. वर्ष होत आलं, तोंडातून ओळ नव्हती.

"बा म्हणते, आता मले कायले बोलावता? मेल्यावर गातो," बाई म्हणाल्या. मग गिटारकडं पाहत म्हणाल्या, "भाऊजी, पेचकस हाये का?"

मी पेचकस दिला, पण बरं वाटलं नाही. त्यांनी तारा सैल केल्या, दवाखान्यातल्या सवयीनं चिमट्यात वायर धरली, दोन स्क्रू फिरवले, पिकप बाहेर आला. गिटारचं भोक दात पडलेल्या तोंडासारखं दिसू लागलं. जाताना त्यांनी दवाखान्यात असते तसल्या चिकटपट्टीची गुंडाळी पिशवीत टाकली. मी पाहिलं.

"इकत आणली, भाऊजी. पावती दाखवू?"

जयंतीला आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो. म्हाताऱ्यानं लेकीच्या आग्रहाखातर एकतारी खाली काढली. पिकप चिकटपट्टीनं तारेखाली बसला, वायर लाउडस्पीकरच्या यंत्रात गेली. लोक जमले. म्हाताऱ्यानं तार छेडली.

भोंग्यातून नुसती गुणगुण. आवाज नाही. पुन्हा छेडली, पुन्हा नाही. मागून कोणी तरी म्हणालं, "आबा, कनेक्शन काटलं वाटते!" म्हातारा एकतारी खाली ठेवून उठायला लागला.

बाईंनी पदराची टाचणी काढून पिकपजवळ नेली. टाचणी टकदिशी चिकटली. मग त्यांनी एकतारीची तार नखानं खरवडली. पिवळी होती.

"बाप्पा! पितळ हाये हे. चुंबक पितळाले ओळखत नाई. लोखंडाची तार पायजे."

माझ्या रेडिओवर आम्ही पिकप पाहिला होता तो गिटारच्या पोलादी तारांखाली. पितळेचा विचार तिघांपैकी कोणीच केला नव्हता. गिटार अमरावतीत, दुकानं बंद. पोलादी तार त्या मांडवात एकाच ठिकाणी होती, बँजोवर. आणि बँजोला टायपाच्या यंत्रासारख्या कळा असतात म्हणून म्हातारा वर्षभर पोरांना म्हणत आला होता, "हे गाणं हाये का कचेरी?"

बँजोवाला पोरगा विशीतला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काहून आबा, कचेरीची तार चालते का तुमाले?"

मांडव हसला. म्हाताऱ्यानं एकतारीची पितळी तार सोडवली.

"लाव," तो म्हणाला.

पोरानं आपल्या बँजोवरची एक तार सोडवली. "माह्यावर लय हायेत. एकानं काय होते?" बाईंनी ती एकतारीला चढवली, म्हाताऱ्यानं कान लावून खुंटी पिळली आणि छेडली.

टणत्कार निंबावरच्या भोंग्यातून थेट शिवारात गेला. म्हातारा दचकला, मग हसला, मग गायला. ऐकू येत होतं म्हणून गात राहिला. कोणी उठलं नाही. चौथ्या गाण्याला बँजो हळूच त्याच्या मागून चालायला लागला.

सकाळी म्हाताऱ्यानं पोराला बोलावून तारेचा भाव विचारला.

"चार आणे, आबा."

"चार आणे नाईत. एक चाल घे." आणि ओट्यावर बसवून एक चाल शिकवली.

निघताना मी बाईंना हळूच म्हटलं, "पिकप राहिला."

"लावला ना, भाऊजी. मंग आता काढाचा कायले?"

त्यानंतर आमचा रेडिओ फक्त रेडिओ उरला. गिटार बाई वाजवीत, पण त्यांच्या ओट्यावर, आणि आवाज एवढासा. आधी गिटार आमच्या घरी यायची. आता आम्हीच खुर्च्या उचलून तिच्याकडं जाऊ लागलो, आणि पत्नी मला खोकूसुद्धा देत नसे.

सदुसष्टात बाईंची धारणीला बदली झाली. गिटार बरोबर गेली. सामान बांधताना इंजेक्शनची बाटली त्यांनी पत्नीच्या हातात ठेवली, "धारणीले लय भेटतात." पत्नी तिच्यात सुया ठेवते.

पुढच्या वर्षी लायसन्स भरायला गेलो. खिडकीत तोच कारकून.

"काय साहेब, वाजते का गिटार?"

"नाही. बाईंची बदली झाली."

"मंग आता काय आयकता?"

"बातम्या."

त्यानं शिक्का मारला. नुसत्या बातम्यांना पंधरा रुपये मला जास्त वाटले. पण नियम नियम आहे. मोजून पोस्टाला दिले.