पत्त्यांत हरलेलं घर

तोमासाची जीभ तिखट. नवऱ्याला, इलारियोला, जाऊन वर्ष उलटलं तरी त्याच्याशी भांडायचा तिचा नेम काही चुकत नव्हता. आणि भांडणाचं मूळ एकच, एक घर.

लग्न नवं होतं तेव्हा इलारियो पश्चिम स्पेनमधलं, कासेरेसकडचं गाव सोडून बार्सिलोनाला गवंडीकामाला गेला आणि तिकडून त्याने एक फोटो धाडला. दगडी कमानीचं दार, त्यावर कोरलेली ढाल, वर लोखंडी कठड्याची बाल्कनी आणि उंबऱ्यावर उसना कोट घालून तो स्वतः. हे आपलं घर, असा निरोप सोबत. तोमासाने फोटो गावभर मिरवला, कोंबड्या विकल्या आणि रेल्वेत बसली. उतरली ती थेट मोन्तुईक टेकडीवरच्या पत्र्याच्या झोपडीत. घर कुठाय म्हणून विचारलं, तर हा जमिनीकडे बघत म्हणाला, "पत्त्यांत हरलो." त्यापुढे जन्मभर मूग गिळून गप्प.

पुढे झोपड्या गेल्या, इमारतीत दोन खोल्या मिळाल्या, मुलगी झाली, नात झाली. पण घरातलं मीठ संपलं तरी तोमासा म्हणायची, तेही हरून आलात का? त्याच टेकडीच्या उतारावर दफनभूमी आहे. तिथे शवपेट्या भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात; तसा दोघांसाठी एक कोनाडा घेऊन ठेवला होता. इलारियोला आत ठेवलं त्या दिवशीच तिने मुलीला बजावलं, मला या जुगाऱ्याशेजारी ठेवायचं नाही.

एका रविवारी नात मिरेया तिला टेकडीवरच्या 'स्पॅनिश गावा'त घेऊन गेली. देशभरातली जुनी घरं बघून तशीच इथे बांधून ठेवलेली आहेत. तोमासाने याच्या भिंतीपलीकडे झोपडीत दिवस काढले होते, पण तिकीट काढून गाव बघायला ती काही वेडी नव्हती.

आत शिरली आणि तिला काही उमगेना. चौकात आरागोनचा मनोरा, कोपऱ्यावर वळलं की आंदालुसियाची पांढरी गल्ली, चार पायऱ्या चढलं की गालिसिया. ज्या मुलखांत जायला आगगाडीत रात्र काढावी लागते, ते इथे एकमेकांना टेकून उभे. बाकावरच्या माणसांना तिने रीतीप्रमाणे नमस्कार केला, तर ती माणसं भलत्याच परदेशी भाषेत बोलली. तिने सगळ्या खिडक्या न्याहाळल्या.

"कपडे कुठे वाळत घालतात गं ही माणसं?"

"इथे कोणी राहत नाही, आजी."

"मग कुंड्यांना पाणी कोण घालतं?"

मिरेयाने तिचा हात धरून तिला पुढे नेलं.

पुढच्या वळणावर तोमासाचे पाय थांबले. तीच कमान, तीच ढाल, तीच बाल्कनी. म्हणजे घर होतं तर. आणि ज्याने जिंकलं त्याची नातवंडं आत मजेत नांदत असणार. तिने केस सारखे केले, पण उंबरा ओलांडला नाही. तिच्या गावात कोणाच्या दारात गेलं की मेरीमातेचं नाव घेऊन "आवे मारिया पुरीसिमा" म्हणायचं आणि आतून जबाब आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिने हाक घातली. कोणी बोललं नाही. पुन्हा घातली. मिरेया म्हणाली, अगं दुकान आहे ते, चल आत. पण तोमासा हलेना. एवढ्यात आतून एका म्हाताऱ्याने ठरलेला जबाब दिला, तोही तिच्याच मुलखाच्या बोलीत.

आत तो चामड्याची पिशवी शिवत बसला होता. तोमासाने आडपडदा न ठेवता विचारलं, "हे घर तुमच्याकडे कोणी हरलं?"

उत्तराची वाट न बघता ती जिना शोधू लागली.

"वर काही नाही, बाई. बाल्कनीला आतून वाटच नाही. प्रदर्शनासाठी बांधलंय हे, माझ्या जन्माआधी. यात कधी कोणी संसार केलेला नाही."

तोमासा त्याच्या स्टुलावर बसली. तिचा हिशेब काही केल्या जुळेना. जे घर कधी नव्हतंच, ते हरणार कसं? मग तिला गुत्त्यातले त्याचे दोस्त आठवले. ते हसून सांगायचे, इलारियोला पत्त्यांतला तलवारीचा रंग कुठला आणि पेल्याचा कुठला तेही कळत नाही. तिला वाटायचं, सोंग करतोय मेला. सोंग नव्हतं. त्याने पत्ते कधी हातात धरलेच नव्हते. खोटा फोटो पाठवला हे कबूल करण्यापेक्षा त्याला जन्मभर जुगारी म्हणवून घेणं सोपं गेलं. आता त्याचा राग करायचा की त्याची कीव, हे तिला ठरवता येईना. मग ती रडली आणि रडता रडता त्याला शिव्याही घातल्या. म्हातारा पिशवी शिवत राहिला.

परतताना फाटकाशी ती थांबली.

"त्या कोनाड्यात माझी जागा आहे ना अजून?"

"आहे की. पण तूच म्हणाली होतीस ना..."

"काय म्हणाले ते माहीत आहे मला. आईला सांग, त्याच्याशेजारीच ठेवा. जन्मभर भलत्याच गोष्टीवरून भांडले त्याच्याशी. खरं भांडण राहिलंय अजून."